चिमणसाळीचं बी

कुही, ४ फेब्रुवारी २०२४

चि. मेघास, आजीचा जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मले आयकू येत नाही, म्हणून तू पत्र लिहून राहिली हे बरं केलं. माझं अक्षर साक्षरता वर्गातलं आहे, हसू नको. तू एम.एस्सी.ले गेली तरी तुझंही कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

आपली चिमणसाळ तुझ्या सरांना तपासाले पाहिजे म्हणे. माझ्या सासूपासून हे धान घरात आहे, आता गावात दुसऱ्या कोणाकडं नाही. तुझा काका प्रेमानंद म्हणते, पिकते कमी, काहून सांभाळतेस? तरी दरवर्षी एका बांधीत लावतेच. तू लिहिलं की विद्यापीठाच्या थंड खोलीत बी वर्षानुवर्षं टिकते. माझ्या मडक्यात तर उंदीर शिरले. म्हणून उरलेल्या दोन्ही पायल्या पाठवून राहिली, राख अन् कडुनिंबाच्या पाल्यासकट. मृगाच्या आधी एक पायली परत पाहिजे, रोपासाठी वाफ्यात पऱ्हे टाकायले.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, बियावर असू दे.

तुझी आजी

नंदनवन, नागपूर, २७ मार्च २०२४

ती. आजीस, मेघाचा सविनय जय भीम. वि. वि.

बी पोचलं. सर खूश झाले. इतकं वासाचं धान त्यांनी पाहिलंच नव्हतं. माझा प्रबंध आता त्याच्यावरच आहे. थोडं दळून तपासलं. बाकीचं थंड खोलीत ठेवण्याआधी सुकवावं लागतं, ते काम माझ्याकडे दिलंय. डबेवाल्या सिंधूताईंचा भात गिळताना तुझी आठवण येते. बी वेळेवर आणून देते, काळजी करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी मेघा

कुही, १९ जून २०२४

चि. मेघास, जय भीम.

मृग लागून बारा दिवस झाले. कोणाकोणाचे पऱ्हे हिरवेही झाले. प्रेमानंदनं दुकानातल्या पिशवीचं बी टाकलं. माझा वाफा चिखल करून तसाच रिकामा आहे. त्यात बगळे फिरून राहिले, अन् बाया विचारून राहिल्या, तुळसाबाई, यंदा बगळे पेरले का वं?

जयंतीले तू आली, दोन दिवस राहिली, बियाचं नाव काढलं नाही. नुसती माझे पाय चेपत बसली. लहानपणी रांजण फोडला तेव्हाही अशीच चेपत होती. काय झालं ते सरळ लिही. लोभाचं मागून पाहू.

आजी

नागपूर, २४ जून २०२४

ती. आजीस, सविनय जय भीम.

बी सुकवायच्या यंत्रात आधी कोणीतरी पानं वाळवली होती. पानांना आच जास्त लागते, बियाला जेमतेम उन्हाएवढी. मी आकडा न पाहताच सगळं बी आत ठेवलं आणि दोन दिवसांनी काढलं. दिसायला तसंच होतं. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवले, एकही रुजला नाही. पुन्हा शंभर ठेवले. ही गोष्ट एप्रिलच्या सुरुवातीची. परीक्षा झाल्यावर सांगू म्हटलं. परीक्षा झाली, मी पहिली आले, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही. सर म्हणाले, आपल्याला हवी ती माहिती मिळाली, हळहळू नकोस. दाणे डब्यात पडून आहेत.

लोभ मागायची हिंमत नाही.

मेघा

कुही, ३० जून २०२४

चि. मेघास, जय भीम.

पहिली आलीस. पेढे वाटले असते.

तुझ्या सरांना सांग, आम्हाले माहिती नव्हती पाहिजे, बी पाहिजे होतं. चूक माझीही आहे. सासूनं सांगतलं होतं, पोटच्या लेकीलेही सगळं बी देऊ नये, मूठभर मडक्यात ठेवावं. एवढी शहाणी मी, अन् विद्यापीठाचं नाव आयकून मडकं पालथं केलं. या घरात कोणी शिकलेलं नव्हतं, तोवर हे बी कधी मेलं नाही.

प्रेमानंद विचारते, रिकाम्या वाफ्यात काय टाकू? म्हटलं, गवत येऊ दे. मेघा येईल अन् त्याचं नाव सांगेल.

दाणे तिथं सडवू नको. मेलेलं धान रुजत नाही, पण शिजते. घेऊन ये. गिरणीत न्यायचं नाही, उखळात तूच कांड. चूल मी पेटवीन. दोघी जेवू. नीट चावून खा, अन् कसं लागते ते तुझ्या प्रबंधात लिहून ठेव. यानंतर कोणाले ते सांगता येणार नाही.

लोभ आहे. बाकी काही मागू नको.

तुळसाबाई