डागी डाळिंब

आबा, काल पेट्या भरल्या आणि पुन्हा तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शेळगावच्या आपल्या बागेत डाळिंबाची तोडणी सुरू झाली की तुम्ही बांधावर येऊन उभे राहता आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

नव्वदनंतरचे ते दिवस. आपला देश जगाच्या बाजारात सामील झाला, आता डाळिंबाला परदेशातला भाव, असं जो तो सांगत होता. देवळापुढच्या सभेत तुम्ही शेती खात्याच्या साहेबांना विचारलंत, "तितं पीक जादा झालं तर हितला भाव पडंल, व्हय ना? मग आमी आभाळ कुणाचं बघायचं?" लोक हसले, साहेबही हसले.

मग बारामतीहून निर्यातीचा व्यापारी आला. त्यानं सांगितला तसा भाव आपल्या घरानं कधी ऐकला नव्हता. आईनं त्याला दोनदा चहा केला. तो बागेत हिंडतोय, एकसारखी, बिनडागी फळं तेवढी बाजूला काढा म्हणतोय, आणि तुमचा चेहरा उतरत चाललाय. मेंढरं राखणाऱ्या घरातले तुम्ही. कळप विकायचा तो लंगड्या-लुळ्यासकट, ही आजोबांपासूनची रीत.

"साहेब, लंगडी मागं ठिवून आमी कळप इकत न्हाय. घ्यायची तर समदी घ्या."

तो गेला. आई कडाडली, "आवं, मेंढरं न्हायत ती, फळं हायत!" सगळा माल मातीमोल भावानं गेला, आणि पुढच्या वर्षी अर्धी बाग उपटून तुम्ही ऊस लावलात. कारखान्याचं धुराडं निदान डोळ्यांना दिसतं, एवढंच म्हणालात.

उरलेल्या बागेतली फळं मी आता परदेशी पाठवते. भाव चांगला मिळतो, खोटं कशाला बोलू. पण तिकडं माल तुंबला की इकडं फोन येतो, थांबा म्हणून. तोडायला आलेली फळं झाडावरच तडकतात, आणि मी मोबाईलवर परक्या मुलखाचं आभाळ बघत बसते. शेडच्या कोपऱ्यात डागी फळांचा ढीग वाढत राहतो. त्याच झाडाची, त्याच पाण्याची फळं ती. फोडून खाल्ली तर गोडीत तसूभर फरक नाही.

काल शेवटची पेटी बंद करताना मी एक डागी डाळिंब, डाग खाली करून, तळाशी ठेवलं. सापडलं तर सगळा माल परत येईल, हे ठाऊक असून ठेवलं. घरात कुणाला बोलले नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, आबा. ते डाळिंब मात्र गेलं.