सिंह राशीची चित्रं

४ मे
सकाळी एक बाई दुकानात आल्या. समुद्राचं चित्र फ्रेम करायचं होतं. मी न विचारताच सांगितलं, तुमची रास मीन. म्हणाल्या, मकर. जन्मतारीख चुकीची नोंदवली असणार. मकरवाल्यांच्या चित्रात समुद्राआधी कुंपण येतं. आयुष्य गेलं लोकांच्या चित्रांना फ्रेमा ठोकण्यात. चित्र हातात आलं की रास कळते. कर्क: घर, खिडकी, खिडकीत मांजर. तूळ: दोन झाडं, दोन्ही सारखी, कारण कुठलं काढावं ते ठरत नाही. सिंह: अजून एकही आलेलं नाही. सिंह राशीचा माणूस आपलं चित्र दुसऱ्याच्या दुकानात कशाला नेईल? मी सिंह.

९ मे
लेकीने जेवताना जाहीर केलं, लग्न ठरवलंय. मुलगा व्हायोलिन वाजवतो. मी रास विचारली. वृश्चिक! म्हणजे हातात व्हायोलिन नाही, नांगी. बायको म्हणाली, "अहो, आधी मुलाचं नाव तरी विचारा." ही कन्या रास. नको तिथे तपशील.

१२ मे
वृश्चिक येऊन गेला. फार नम्र. सुरुवातीला तसेच असतात. उघडा पाडावा म्हणून वाजवायला लावलं. बायकोने डोळे पुसले. कांदा. (स्वयंपाक कधीच आटोपला होता, पण कांद्याचं काही सांगता येत नाही.) वाजवून झाल्यावर मी स्पष्ट सांगितलं की या सुरांत संशय आहे, सूड आहे, विष आहे. तो म्हणाला, "काका, ती अंगाई होती." बघा. किती लपवाछपवी!

१३ मे
निश्चय: स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. सिंह राशीची कला समोर दिसली की लेक आपोआप तुलना करेल आणि लग्न मोडेल. चित्रं अजून काढलेली नाहीत. उद्यापासून.

२० मे
पहिलं चित्र पूर्ण. माझंच. मागे सगळा सोनेरी रंग. नाक जमलं नाही, पण सिंहाच्या चित्रात नाक गौण. लेक म्हणाली, "बाबा, सूर्यफूल मस्त आलंय." मी खुलासा केला नाही. मोठ्या कलेचे अनेक अर्थ निघतात.

२ जून
भिंत भरेल इतकी चित्रं झाली. सगळ्यांत मीच आहे. विषय बदलायचा तर विषयात काही उणीव हवी. फ्रेमाही घरच्याच: अक्रोडाचं लाकूड, कडेने बारीक कोरीव पानं, कोपऱ्यांत नख शिरणार नाही. त्यात काय, हात आपले चालत राहतात.

७ जून
वाचनालयाची वरची खोली मिळाली. लेक म्हणाली, तो उद्घाटनाला वाजवेल. मी उदार मनाने हो म्हटलं. पार्श्वसंगीत. पार्श्व म्हणजे मागे. त्याला तिथेच ठेवायचं आहे.

८ जून
तो कोपऱ्यात उभा राहून वाजवू लागला. लोकांनी खुर्च्या फिरवल्या आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. माझ्या सगळ्या चित्रांकडे पाठी! म्हणून मी मध्येच सिंह रास आणि कला यावर बोलायला सुरुवात केली. एका आजोबांनी "शू" केलं. वृषभ. त्याने व्हायोलिन खाली घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही बोला, मी थांबतो." सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. मला पुढचं वाक्य आठवेना. लेक तेवढी जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, चालू द्या, चालू द्या.
खोलीतली हवा कोंदट होती, त्यामुळे असं होतं.

९ जून
लेक बोलत नाही. बायको म्हणाली, तिला एवढंच कळायला हवंय, बाबांना तो आवडत नाही की त्याला लोक ऐकतात हे आवडत नाही? कन्या राशीचे प्रश्न हे असे. मी ब्रश धुवायला घेतले. स्वच्छच होते.

१४ जून
चित्र विकलं गेलं! सगळ्यात मोठं! पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं. उद्या दुकानात येऊन घेऊन जाणार. लग्न मोडण्याचा बेत रद्द. जिंकलेल्या माणसाने लहानसहान गोष्टी सोडून द्याव्यात. वृश्चिकाला फोन करून परवानगी दिली. तो म्हणाला, "थँक्यू काका, पण तारीख तर ठरलीये."

१५ जून
डॉक्टरीणबाई आल्या. फ्रेमवरून बराच वेळ हात फिरवला. म्हणाल्या, असं काम हल्ली बघायला मिळत नाही. मग म्हणाल्या, "आतलं तेवढं काढून द्याल? आमच्या कुत्र्याचा फोटो बसवायचाय." फोटो पर्समध्ये गुंडाळून आणला होता. कुत्रा दिसायला बरा, कान पडलेले, डोळे अर्धे मिटलेले.
काढून दिलं. फोटो बसवला, मागून खिळे ठोकले, काच पुसली. बाई दुसऱ्या कामाला गेल्या, परत जाताना नेते म्हणाल्या, म्हणून भिंतीला टेकवून ठेवला. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. चष्मा घरी विसरली होती. दारातच थबकली. म्हणाली, "अहो, हे किती छान काढलंयत तुम्ही. अगदी जिवंत."
भिंतभर चित्रं काढली, त्यातल्या एकालाही ती छान म्हणाली नव्हती.
मी म्हटलं, थँक्यू.