लक्ष्मीचं पोतं

गुरुवार, चैत्र वद्य दशमी

बोरचं पाणी कमी झालं म्हणून नव्या स्लॅबवर सारखं पाणी मारण्याऐवजी ओली पोती अंथरली. पाणी निम्मं वाचलं. पण आज मिस्त्री वर जाऊन आले नि म्हणाले, "वहिनी, एका कोपऱ्याला बारीक भेगा पडल्यात. तिथं पोतं का न्हाई टाकलं?"

"पुरलं न्हाई," मी म्हणाले. खोटंच. एक पोतं होतं, पण त्यावर लक्ष्मीचं चित्र. त्यावर पाय कसा द्यायचा?

"स्लॅबला गोधडी पांघरली अन् एक पाय उघडा ठेवला," मिस्त्री हसले. "आता तरी भिजवा, न्हाईतर गळंल."

संध्याकाळी त्या पोत्याची शिवण उसवली. चित्राची बाजू देव्हाऱ्याखाली ठेवली, कोरी बाजू भिजवून कोपऱ्यावर टाकली. हे आधी का सुचलं नाही? मिस्त्रींना खरं सांगायचं राहिलंच.