सात नंबरचा जिओफोन

मंगळवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

रशिदाचाचींच्या हंड्यावरचं झाकण डोक्यातून जात नाही.

रेल्वेसाठी डोंगर कापलेल्या कटिंगच्या वर त्यांचं घर. मालगाडी गेली की जमिनीला बसणारे हादरे आमचे जिओफोन, म्हणजे खिळ्याने जमिनीत रोवलेले कंपनमापक, टिपतात. टणक जांभ्यातून हादरा सुसाट जातो, खालच्या ओल्या मातीत रेंगाळतो. बारांपैकी सात नंबरचा, नेमका चाचींच्या पडवीसमोरचा, हादरा उशिरा दाखवत होता. मी त्याच्यापुढे ‘खराब’ लिहिलं आणि नोंद वगळली. कातळात खिळा नीट बसत नाही, नेहमीचंच.

पण तिथे तो बसला होता! बाकी अकरा ठिकाणी पहारीने भोक पाडावं लागलं, सातव्याला खिळा हाताने आत गेला. तेव्हाच कसं खटकलं नाही?

सामान आवरताना चाची चहा घेऊन आल्या. “मालगाडी गेली की हंड्यावरचं झाकण वाजतं. पावसाआधी नाय वाजायचं. तुमची मशीन काय म्हणते?”

“तिथली मशीन बिघडली, चाची,” मी हसून म्हणालो. हसून!

आत्ता ती वगळलेली नोंद परत उघडून पाहिली. चार मालगाड्या, चारही वेळा तेवढाच उशीर. बिघडलेलं यंत्र इतकं एकसारखं चुकेल? म्हणजे पडवीखालची जमीनच पावसाने भिजून सुटली आहे.

लगेच फोन केला. “चाची, आज घरात झोपू नका. लेकीकडे जा. उद्या मी माणसं घेऊन येतो.”

“का? मशीन दुरुस्त झाली?”

“मशीन ठीकच होती.”

 फोनमध्ये लांबून मालगाडी ऐकू आली, आणि मग झाकण.