विरूची सोय

८ जानेवारी १९७३, जळकोट
निर्णय झाला. विरूला बाहेर ठेवायचं. पोरगं पंधराचं, पण शाळेनं दोनदा काढलं. काल त्यानं घागर भिरकावली आणि माझ्या मनगटाला चावला. कारण काय, तर चार पाहुण्यांत मी त्याला बैल म्हणालो. तेही प्रेमानं. सोसायटीचा चेअरमन आहे मी. दीडशे सभासद सांभाळतो, एका पोराचं काय. आठवड्यात सोय लावतो. त्याची आई चन्नम्मा म्हणाली, त्याच्याशी जरा हळू बोलून बघा. बायकांना मॅनेजमेंट कळत नाही.

१२ जानेवारी
उमरग्याचं बोर्डिंग. सुपरिटेंडेंट पेन्सिलीएवढा माणूस. जागा नाही म्हणाला. तासभर त्याला शिस्त समजावून सांगितली. शेवटी म्हणाला, ठेवा, पण तुम्ही निघा. वजन पडतं माणसाचं. विरू ट्रंकेवर बसून होता, माझ्याकडं बघितलं नाही. लाजला असेल.

२२ जानेवारी
बोर्डिंगनं परत नेण्यास कळवलं. गेलो. आठ दिवस पोरगा गप होता म्हणे. परवा माझं पत्र पोचलं. चार पानी, त्याचे सगळे दोष क्रमवार, आणि प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचावं अशी सूचना. त्यांनी वाचलं. मुलं हसली. विरूनं एकाचं कपाळ फोडलं आणि खिडकीच्या काचा. सुपरिटेंडेंट म्हणाला, वाचलं ही आमची चूक. बरोबर. वाचायची पद्धत चुकली असणार.

३ फेब्रुवारी
रिमांड होमची कल्पना सुचली. ठाण्यात गेलो. फौजदारानं विचारलं, चोरी केली का. म्हटलं, नाही. मग काय करतो. म्हटलं, चावतो. फौजदार बराच वेळ हसला, हवालदारालाही बोलावून सांगितलं. या देशाचं काही होणार नाही.

११ फेब्रुवारी
नाइलाजानं तामलवाडी. चन्नम्माचा भाऊ शिवशरण, चौथी पास, दुष्काळी तलावाच्या कामावर मुकादम. त्याला काय जमणार. त्यानं एवढंच विचारलं, दाजी, ह्याला काय आवडतं. काय उत्तर द्यायचं असल्या प्रश्नाला. बैलं आवडतात, असं विरूच म्हणाला. मला माहीत नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

२६ फेब्रुवारी
इन्स्पेक्शनला गेलो. चेअरमनच्या पोराला ह्या शिवशरणनं पाण्याच्या बैलगाडीवर बसवलेलं. दोन कोसांवरच्या विहिरीतून पिंप भरून आणायचं आणि माती उचलणाऱ्या बायांना पाजायचं. शिवशरण म्हणाला, दोनदा बिनसला, एकदा खोरं घेऊन धावला. म्हटलं, मग तू काय बोललास. म्हणाला, काय न्हाय. धरलं अन् दिवस मावळंस्तवर संगं बसलो.

हीच ती ढिलाई. मी तिथंच, सगळ्या मजुरांदेखत, विरूला सुधारायला घेतलं. शाळा, बोर्डिंग, ठाणं, सगळं सांगितलं. ऐकून घेत होता. मग पिंपाला खांदा लावला आणि ते उलटं केलं. भेगाळलेल्या जमिनीनं पाणी क्षणात पिऊन टाकलं. शंभर माणसं तहानलेली. केशरबाई नावाची म्हातारी हातात रिकामा तांब्या घेऊन पुढं आली. मला वाटलं, पोराला झापणार. माझ्याकडं बघून म्हणाली, मालक, आता तुमी जावा.

अडाणी लोक.

विरू गाडी जुंपून पुन्हा विहिरीकडं निघाला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

५ मार्च
चन्नम्मा भावाकडं गेली. शिवशरणचा निरोप आला. पाऊस लागेपर्यंत मायलेकरं इथंच राहतील. दाजींना यायचं असल्यास आधी विरूला विचारावं. मला. विचारावं. तरी मोठेपणा माझा, विरूला पत्र लिहिलं. चार पानांचं एक पान केलं. मग अर्धं.

१७ मार्च
विरूचं कार्ड आलं. दोनच शब्द. आत्ता नको.

लाल पेन्सिल घेऊन बसलो. अक्षर सरळ, काना-मात्रा ठीक. चूक सापडली नाही.