दोनशे दहा रोपं

बोगोर,
ता. १६ फेब्रुवारी २००४

ती. मामांस,
रोस्नीदाचा सलाम. वि. वि.

सोबतच्या डब्यात मिरचीचं बी आहे, मोजून दोनशे दहा दाणे. डबा कुणाकडे देऊ नका, आईकडेही नको. ती कौतुकाने उघडेल आणि शिंकेल.

संशोधन केंद्रातल्या आमच्या साहेबांनी मिरचीचं काम बंद करून मला भातावर बसवलं. काचघर रिकामं करताना माझी सगळी झाडं फेकली. आपली घरची वेलांटीदार मिरची आणि ती रानटी बुटकी, यांच्या संकराच्या नातवंडांचं एवढंच बी उरलं आहे. घरची मिरची आता दुसरीकडे कुठेच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मागे तुम्ही विचारलंत, विषाणू झाडाला खातो का? नाही हो. त्याच्याकडे ना चूल ना भांडी. तो म्हणजे नुसता एक निरोप. झाडाच्या पेशीत एक प्रथिन असतं. पेशीचे निरोप उचलायचे आणि प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रापर्यंत पोचवायचे, हे त्याचं काम. हा चोरटा आपला निरोप त्याच्याच हातात देतो आणि झाड स्वतःच्या हातांनी विषाणूच्या प्रती काढत बसतं. रानटी मिरचीत ते प्रथिन किंचित वेगळ्या घडणीचं आहे. विषाणूला ते पकडता येत नाही, झाडाचं काम मात्र सुरळीत चालतं. अडचण अशी, की तसली दोन भावंडं आहेत. एक मिळालं नाही तर विषाणू दुसऱ्याला गाठतो. दोन्ही वेगळी हवीत, आणि तीही आईबाप दोघांकडून आलेली. सोळा रोपांत एखाद्यात हे जमतं.

तेव्हा रोपं चार पानांची झाली की शेजारच्या शेतातली रोगट पानं कुटा, पाण्यात कालवा, सोबतच्या पुडीतली, पानाला ओरखडे पाडणारी बारीक पूड घाला आणि प्रत्येक रोपाच्या पानावर बोटाने चोळा. तीन आठवड्यांत कळेल. पत्राची वाट पाहते.

आपली,
रोस

कोतो बारू,
ता. १ मार्च २००४

चि. रोसला,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

डबा पोचला. बी पेरलं, वर जाळी बांधली. फोन केला होतास म्हणे. मला त्यात अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आई बोलते, तेव्हा पत्रच बरं.

तुझं प्रथिनाचं मी लापाउच्या टपरीवर कॉफी पिताना सांगितलं. सगळे हसले. मी म्हटलं, हसू नका, आपल्या घरीही पाहुणा आला की माझी बहीण कोण कुठला विचारत नाही, आधी भात वाढते. मिरचीने तेच केलं.

एक गंभीर गोष्ट. शेत तुझ्या आईचं, पण बोलणी करायला घरातला मामा म्हणून मीच. तुझ्या मावशीकडच्यांना तिथे कोबी हवा आहे. तीन वर्षं रोगट मिरची उपटून जाळली, आता पुरे म्हणतात. मी या हंगामापुरती मुदत मागून घेतली आहे. पुढे माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही.

लग्नाचं मी विचारत नाही. आईने विचारायला सांगितलं होतं, एवढंच कळवतो. माया राहू दे.

तुझा,
बुस्तामाम मामा

कोतो बारू,
ता. १२ एप्रिल २००४

चि. रोसला,
आशीर्वाद. वि. वि.

आनंदाची बातमी. दोनशे दहाच्या दोनशे दहा रोपं उगवली आणि सगळी हिरवीगार आहेत. एकाही पानावर ठिपका नाही की शीर काळवंडलेली नाही. तुझी आई रोज येऊन पाहते. काल घरात ती गुणगुणत होती. तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. आता शेतात लावू का ते कळव.

तुझा,
मामा

बोगोर,
ता. २० एप्रिल २००४

ती. मामांस,
सलाम. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन मी पोस्टाच्या पायरीवरच नाचले. तिथला शिपाई म्हणाला, बाई, मुलगा झाला का? मग भाताच्या टेबलाशी येऊन बसले आणि हिशेब काही जुळेना. दोनशे दहात फार तर तेरा-चौदा वाचायला हवीत. सगळी कशी वाचतील? दोन दिवस मी एका जागी बसलेली नाही. भाताच्या कुंड्यांना दोनदा पाणी घातलं, साहेबांची बोलणी खाल्ली.

मामा, तुम्ही चोळलंत ना? रागावू नका, पण खरं लिहा. आणि तोवर एकही रोप हलवू नका.

आपली,
रोस

कोतो बारू,
ता. २९ एप्रिल २००४

चि. रोसला,
आशीर्वाद.

नाही चोळलं.

पानं कुटली होती, तुझी पूडही घातली. पहिल्या रोपापाशी बसलो आणि हात पुढे जाईना. रोगट झाडं उपटून जाळली ती याच हातांनी. आता निरोग्याला रोग लावायचा? वाडगं नाल्यात ओतलं. रोपं हिरवी आहेत हे काही खोटं नव्हतं, म्हणून तसं लिहिलं. तू हिशेब घालशील हे लक्षातच आलं नाही. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून गुणगुणते आणि मला घरात बसवत नाही.

रोस, जाळीतून काढून तशीच लावली तर नाही का चालणार? कदाचित जगतील.

मामा

बोगोर,
ता. ७ मे २००४

ती. मामांस,
सलाम. वि. वि.

राग गेला असं लिहिणार होते, पण गेलेला नाही. रडूही आलं. तुमच्या जागी मी असते तर माझाही हात अडला असता, हेही खरं.

पण जाळी काढलीत की मावा येणार आणि रोग लावायचं काम तोच करणार, अर्धवट. एखादं झाड उभं राहिलं तर ते विषाणूला दाद देत नाही म्हणून राहिलं, की त्याला मावा डसलाच नाही म्हणून, हे कधीच कळणार नाही. मग बी कुणाचं धरू? चुकीचं धरलं की पुढच्या वर्षी तेही जाळाल, आणि मग आपली मिरची संपली.

मला ईदपर्यंत रजा नाही. आईला हे करायला सांगू नका, दुसऱ्या कुणालाही नको. तुम्हीच करा. जवळजवळ सगळी जातील, मामा, आणि मला ते ठाऊक असून मी सांगते आहे. नवी पुडी पाठवते. कोवळी वरची पानं घ्या.

आपली,
रोस

कोतो बारू,
ता. १० जून २००४

चि. रोसला,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईला आधी सगळं सांगितलं.  तिने स्वतः जाऊन रोगट पानं तोडून आणली, कुटायला मात्र मला दिली. सकाळपासून दुपारच्या नमाजापर्यंत चोळत होतो. तोंडाने काय पुटपुटत होतो ते मलाच ऐकू आलं नाही. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी पहिली पानं आक्रसली. मग रोज थोडी थोडी. उपटून जाळली. तुझ्या आईचं गुणगुणणं थांबलं. आज चौथा आठवडा लागला. बारा उभी आहेत, शेंडे सरळ, कळ्या धरल्या आहेत. तुझ्या आईने तीनदा मोजली. मावशीकडच्यांना बोलावून दाखवली. ते कोबीचं काही न बोलता चहा पिऊन गेले.

एवढ्यावरून मामावर विश्वास ठेव असं म्हणत नाही. तुझी सवड झाली की ये आणि स्वतः पाहा.

तुझा,
बुस्तामाम मामा

ता. क. कोपऱ्यात आणखी एक हिरवं आहे. ते धरून तेरा होतात, तुझ्या हिशेबात नेमकं बसतं, आणि तेराच लिहून टाकावं असं फार वाटलं. पण ते मी चोळलेलं नाही. त्याचं बी धरू नकोस.