कलम सात मागे घेते आहे

लिहून ठेवणारी मी, वय एकोणतीस, विद्यापीठात गणित शिकवते; आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी नाही, तिची शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. हे मी स्वतःच्या मनाने लिहिते आहे, कोणीही गळ घातलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

१. खोली भाड्याची आहे. बँकेतली शिल्लक आईची. आई, शिलाई मशीनला मोटर बसवून घे. "पायाने चालतंय तोवर चालू दे" हे आता पुरे.

२. सायकल धाकट्या भावाला. हे सगळं पार पाडायचं कामही त्यालाच. घड्याळ बाबांना. बाबा नळाची कामं करतात. मी गेम थिअरी शिकवणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "खेळ शिकवायचा पगार देतात?"

"खेळ नाही हो. समोरचा काय करेल ते ओळखून आपण काय करायचं, त्याचं गणित."

"ते तर तुझी आई फुकटात करते!"

३. वर्गाला पहिल्या दिवशी मी नियमांचं पत्रक देते. ते पुढे हा विषय जो शिकवेल त्याला. हजेरी, उशिरा दिलेला गृहपाठ, शंकांची वेळ, सगळं तसंच ठेवावं. कलम सात मात्र मी मागे घेते. ते असं: "दोघांचा गृहपाठ सारखा आढळल्यास दोघांना वेगवेगळं विचारलं जाईल. एकाने उतरवल्याचं कबूल केलं, तर शून्य त्यालाच. दोघांनी नाकारलं किंवा दोघांनी कबूल केलं, तर दोघांना शून्य." वर्ग हसला होता. "मॅडम, हा तर गेम थिअरीचा धडाच झाला की!" मला अभिमान वाटला होता.

४. गेल्या सत्रात वर्गातल्या दोन मैत्रिणींच्या उत्तरांत एकाच ओळीत उणे चिन्ह नव्हतं. एकीला मी माझ्या खोलीत बसवलं, दुसरीला ग्रंथालयात. दोघी एकच बोलल्या, "मी उतरवलं मॅडम, तिचा काही संबंध नाही." मी पत्रक बघितलं आणि दोघींना शून्य दिलं. दोघी विषयात नापास झाल्या. प्रत्येकीने दुसरीसाठी आळ अंगावर घेतला होता, आणि ते माझ्या कानांवर पडूनही मला ऐकू आलं नाही.

महिन्याभराने कळलं, ते चिन्ह मी वाटलेल्या टिपणातच छापायचं राहिलं होतं. कोणीच उतरवलं नव्हतं. दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

५. गुण दुरुस्त झाले आहेत. विभागप्रमुख तीनदा म्हणाले, "गुणांचे तक्ते वर गेले, आता काय?" चौथ्या खेपेला सही केली. त्यांना माझ्या लाल पेनांचा डबा. स्वतःची चूक खोडायला कधीतरी लागेल.

एक मुलगी वर्गात परतली. दुसरीच्या घरी आधीच बजावलेलं होतं, नापास झालीस की शिक्षण बंद. ती आता लाँड्रीत इस्त्री करते. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई दारातूनच म्हणाली, "शिकलेली माणसं पुरे झाली आम्हाला." मग लाँड्रीत गेले. मुलगी शर्टाची कॉलर दाबत म्हणाली, "तुम्ही नियमानेच वागलात की, मॅडम." तिने वर पाहिलं नाही.

६. तिच्या नावे मी काही ठेवलं नव्हतं. साक्षीदाराला मालमत्ता घेता येत नाही असं वकील म्हणाले, आणि मला तिला साक्षीदार म्हणून बोलवायचं होतं. तेवढ्या निमित्ताने ती येईल, दोन शब्द बोलेल, एवढाच हिशेब.

आज वॉर्डात भेटीच्या वेळेत तिची मैत्रीण एकटीच आली.

"निघाली होती, मॅडम. चप्पल घातली होती."

"मग?"

"म्हणाली, मी सही केली की मॅडमना मोकळं वाटेल. मला ते नकोय."

ती बरोबर आहे.

७. ती साक्षीदार नाही, म्हणून आता देता येतं. माझं टेबल, दिवा आणि गणिताची सर्व पुस्तकं तिची. भावाने ती तिच्या घरी पोचवावीत, दारात ठेवून निघावं, काही समजावू नये. तिने परत शिकावं अशी अट नाही. मला माफ करावं अशीही नाही. पुस्तकं रद्दीत घातली तरी ती तिचीच.

ठिकाण: हृदयरोग वॉर्ड, खाट चौदा
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार
सही: लिहून ठेवणारी

आमच्या देखत सही झाली:
साक्षीदार पहिली: वर्गात परतलेली मुलगी
साक्षीदार दुसरी: वॉर्डातली परिचारिका, ऐनवेळी विनंतीवरून